तीन खुर्च्यांपलीकडे आवाज नको

दर्पण कॉलनीत आमच्या डोक्यावरच्या फ्लॅटमध्ये नवी फरशी बसवायचं काम निघालं, आणि माझं काम बसलं.

माझं काम असं. पुण्याची एक कंपनी मला मराठी भाषणांची रेकॉर्डिंग पाठवते. मी ती ऐकते आणि शब्दशः टाइप करून परत पाठवते. ग्वाल्हेरला बसून मराठीची नोकरी करता येते हे आमच्या शेजाऱ्यांना अजून खरं वाटत नाही. कंपनीलाही कधीकधी वाटत नसावं, कारण मी 'लक्ष द्या'च्या जागी 'ध्यान द्या' लिहिलं की तिकडून लगेच मेल येतो. आमच्या चार पिढ्या इथं गेल्या. आम्ही मराठीच बोलतो, पण तिला इथलं पाणी लागलंय, त्याला काय करणार!

तर वरती सकाळी दहाच्या ठोक्याला फरशी कापायचं यंत्र सुरू व्हायचं. दाताच्या डॉक्टरकडे असतं त्याचा थोरला भाऊ म्हणा ना. त्या आवाजात वक्ता काय बोलतोय ते कळेना. नवरा म्हणाला, "वाचनालयात जा की. तिथं पंख्याशिवाय कुणी बोलत नाही."

आमच्या मराठी मंडळींचं वाचनालय पाटणकर बाजारापासून चालत पाच मिनिटांवर आहे. वर्गणी भरलेलीच होती. खाली पुस्तकं, वर वाचनकक्ष. वर एक लांबच लांब टेबल, त्याच्या एका बाजूला पेपर वाचणारे निवृत्त लोक, दुसऱ्या बाजूला स्पर्धा परीक्षांची तयारी करणारी मुलंमुली. तीही हल्ली बहुतेक हिंदीच. पण वाचनालयाला वाचणारे मिळाले म्हणून कुणाची हरकत नव्हती. मी कोपऱ्यातली खुर्ची धरली, लॅपटॉप उघडला आणि हेडफोन कानावर चढवले. हे हेडफोन माझ्या मुलीच्या शाळेच्या दिवसांतले. पातळ स्पंजाच्या दोन टिकल्या आणि वरून एक तार. मुलगी आता इंदूरला इंजिनिअरिंगला आहे, यावरून त्यांचं वय समजा.

त्या महिन्यात माझ्याकडे पोटाच्या विकारांवरच्या एका डॉक्टरांची व्याख्यानमाला आलेली होती. बारा व्याख्यानं. आवाज खणखणीत, विषय तपशीलवार. पहिले दोन दिवस काम झकास झालं. तिसऱ्या दिवशी डॉक्टर म्हणाले, "सकाळी उठल्यावर स्वतःला पहिला प्रश्न विचारा, पोट साफ झालं का?" आणि माझ्या समोर बसलेल्या एका आजोबांनी पेपरातून मान वर न करता "हो" म्हटलं.

मला आधी वाटलं, योगायोग. मग पाहिलं तर परीक्षेवाल्या दोन मुली वहीत तोंड खुपसून हसत होत्या. शेजारच्या टोकाला बसणारे मास्तर उठले, माझ्यापुढे एक चिठ्ठी ठेवली आणि जागेवर जाऊन बसले. चिठ्ठी ताठ, गोल अक्षरात होती: 'आपल्या डॉक्टरांचा आवाज तीन खुर्च्यांपर्यंत पोहोचतो. मजकूर उपयुक्त आहे, परंतु ही जागा नव्हे.'

हे मास्तर म्हणजे एका जुन्या टायपिंग इन्स्टिट्यूटचे मालक आणि मास्तर, दोन्ही. आमच्या लष्कर भागातल्या निम्म्या कारकुनांची बोटं त्यांनी वळवलेली. त्यांच्याबद्दल लोक असं सांगायचे की ते पाठमोरे उभे राहून, नुसत्या खडखडाटावरून, कोणत्या मशीनवर कोणी चुकीचं बोट वापरलं ते ओळखत. अशा कानांच्या माणसानं तक्रार केल्यावर वाद कसला घालणार?

खाली ग्रंथपाल ताईंनीही मला थांबवलं. फार मऊ बोलतात त्या. "रागावू नका बरं का," त्या म्हणाल्या, "पण कालपासून दोघाजणांनी मला इसबगोल रात्री घ्यायचं की सकाळी ते विचारलं. आवाज बाहेर न येणारं काहीतरी बघा. नाहीतर मला वर लॅपटॉप बंद करावे लागतील, आणि मग ती मुलंही ओरडतील."

घरी नवऱ्यानं तोडगा काढला, "आवाज कमी करून ऐक." मी केला. त्या व्याख्यानाच्या मजकुरात मी लिहून पाठवलं की संध्याकाळी सातनंतर वात खाऊ नये. पुण्याहून मेल आला: 'कृपया तपासावे. डॉक्टर बहुधा भात म्हणत आहेत.'

मग मी मुलीला फोन लावला.

"आई, तू क्लोज्ड-बॅक ले ना," ती म्हणाली. "तुझे वाले ओपन टाइपचे आहेत, सगळं बाहेर लीक होतं. इअरबड्स मत लेना, तुझे कान दुखतात. ओव्हर-इअर घे, पूरा कान झाकणारे. आणि नॉइज कॅन्सलेशनच्या चक्कर में मत पडना, त्यानं बाहेरचा आवाज तुला कमी येतो. तुझा आवाज बाहेर जातो त्याचं काय?"

हे शेवटचं वाक्य मी लिहून घेतलं. कारण तोवर माझी समजूत अशी होती की मला शांत वाटलं म्हणजे जगालाही शांत वाटत असणार.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी एकटीच नई सडकेवर गेले. पहिल्या दुकानात मुलीचे शब्द ऐनवेळी तोंडातून निसटले आणि मी त्यांचं माझ्या परीनं हिंदी करून सांगितलं, "भैया, बंद पीठ वाला दिखाइए." दुकानदार सहानुभूतीनं म्हणाला, "पीठ का पट्टा तो मेडिकल पर मिलेगा, भाभीजी." दुसऱ्या दुकानात हेडफोन होते, पण दुकानदार एकच गोष्ट सांगत होता: "बेस देखिए, बेस!" त्यानं गाणं लावलं तेव्हा माझ्या दाढा हलल्या. मी म्हटलं, मला एका पोटाच्या डॉक्टरांचं भाषण ऐकायचंय. त्यावर त्यानं गाणं बंद केलं.

खरी अडचण वेगळीच होती. हेडफोन माझ्या कानावर असताना बाहेर किती ऐकू येतं, हे मला कसं कळणार? ते ऐकायला दुसरं माणूस हवं. नवऱ्याला विचारलं तर तो म्हणाला, मला सगळंच ऐकू येतं असं मी सांगीन आणि आपण घरी येऊ.

सकाळी मी हे मास्तरांनाच सांगितलं. जरा चिडूनच सांगितलं. म्हटलं, "मास्तर, तक्रार तुम्ही केलीत, पण आता बाहेर आवाज येतो की नाही ते सांगायला माझ्याकडे तुमच्यासारखे कान नाहीत."

मास्तरांनी चष्मा पुसला. "बरोबर आहे," ते म्हणाले. "ज्यानं चूक दाखवली त्यानं सुधारून घ्यायला बसलं पाहिजे. चला. किती वाजता जायचं?"

ते आले तेव्हा त्यांच्या खिशात शिंप्याचा टेप होता. वाचनालयात त्यांनी माझ्या खुर्चीपासून तिसऱ्या खुर्चीपर्यंतचं अंतर मोजून आणलं होतं. म्हणाले, "प्रत्येक हेडफोनला तेच भाषण, तोच आवाज, तेच अंतर. नाहीतर तुलना होत नाही." इन्स्टिट्यूटमध्ये परीक्षा घ्यायचे तेव्हाचा सूर होता तो. मला उगाच माझी बोटं बरोबर आहेत ना असं झालं.

नई सडकेवर कानाची परीक्षा घेणं म्हणजे गिरणीत उभं राहून गुपित सांगणं. ई-रिक्षा, मोटारसायकली, समोर भांड्यांच्या दुकानात चाललेली ठोकठोक. मास्तर टेप धरून उभे, मी हेडफोन घालून उभी, आणि मधून बाजार वाहतोय. पण त्या 'बेस'वाल्या दुकानदाराला आमची दया आली, किंवा करमणूक वाटली. तो म्हणाला, "ऊपर गोदाम में चलिए. वहाँ कूलर रखे हैं, पर चलते नहीं."

वर खोक्यांच्या चळतींमध्ये जेमतेम उभं राहण्याइतकी वाट होती, पण शांतता होती. दुकानदारानं माझ्या ऐपतीतले तीन हेडफोन काढले. पहिला दिसायला देखणा, पण त्याच्या वाट्यांना मागून बारीक जाळी होती. मास्तर म्हणाले, "येतोय. स्वच्छ येतोय. 'जेवणानंतर शतपावली.'" दुकानदार म्हणाला, जाळी डिझाइन आहे. मास्तर म्हणाले, "डिझाइनमधून भाषण येतंय."

दुसरा हलका होता, मला फार आवडला. वाट्या लहान, कानावर नुसत्या टेकणाऱ्या. आता मास्तरांना नीट अंतर धरायला जागा मिळेना, म्हणून ते एका कूलरला वळसा घालून माझ्या दुसऱ्या बाजूला गेले. टेप लावला, डोळे मिटले. बराच वेळ उभे राहिले.

"काहीच नाही," ते म्हणाले. "उत्तम. हाच घ्या."

"नहीं बाबूजी," जिन्याजवळून दुकानदार म्हणाला, "मुझे तो यहाँ तक आ रहा है. डॉक्टर साहब पपीता-पपीता बोल रहे हैं."

मास्तर हसले. "तुमचा भास आहे."

"भास नहीं है. आप उधर वाले कान से सुनिए."

मास्तरांनी मान वळवली. उजवा कान माझ्याकडे केला. मी त्यांच्याकडेच बघत होते, म्हणून मला त्यांचा चेहरा दिसला. ते हळूच म्हणाले, "पपई. हो, पपई म्हणतायत." मग परत डावा कान केला. मग डाव्या कानावर तळवा ठेवला, काढला. उजव्यावर ठेवला, आणि तो बराच वेळ काढलाच नाही. गोदामात पपईचे गुण तेवढे चालू होते.

मला वाटलं आता ते म्हणतील, चला घरी. पण परीक्षा अर्धी सोडणारा माणूस नव्हता तो. टेपची घडी सरळ करून म्हणाले, "या कानानं पुढचा ऐकू. आणा तिसरा."

तिसरा कुरूप होता. काळा, जाडजूड, मागून ठार बंद, एकही भोक नाही. कान पूर्ण आत जाईल एवढ्या वाट्या आणि त्यांना जाड गाद्या. तार साधी. मी घातला आणि दुकानदाराचं तोंड नुसतं हलताना दिसू लागलं. डॉक्टर माझ्या डोक्याच्या बरोबर मधोमध येऊन बसले. मास्तरांनी उजवा कान पुढे केला, दुकानदार पण वाकला. मास्तरांनी बोटानं खूण केली, चष्म्यापाशी किंचित येतोय. खरंच, माझ्या चष्म्याच्या काडीनं गादी उचलली जात होती. काडी जरा वर सरकवली, आणि दोघांनीही एकदम माना हलवल्या. काही नाही. पाठीला पट्टा लावल्यासारखी मी ताठ उभी होते, कारण मान हलवली तर घसरेल अशी भीती. पण तो घसरला नाही. गाद्या फाटल्या तर नव्या मिळतात असं दुकानदारानं सांगितलं आणि व्यवहार झाला.

परत येताना पाटणकर बाजारात आम्ही चहाला थांबलो. मास्तर माझ्या उजव्या हाताला बसले, मग उठून डाव्या हाताला येऊन बसले, म्हणजे त्यांचा उजवा कान माझ्याकडे आला.

"माझं टेबल दाराशी असायचं," ते म्हणाले. "सगळी मशीनं डाव्या हाताला. तीस-तीस जण एका वेळी बडवायचे. मला वाटायचं, कान तयार होतोय." त्यांनी चहा बशीत ओतला. "बाई, एक सांगू? दोन वर्षं मी सुनेवर रुसून आहे. जेवताना ती माझ्या डावीकडे बसते. काही विचारलं की उत्तरच देत नाही. देते ते तोंडातल्या तोंडात. मी मुलाला म्हटलंसुद्धा, हिला घरात बोलायचं नसेल तर तसं सांगावं."

"मग आता?"

"आता काय! आज तिचं ताट उजवीकडे मांडायला सांगतो." आणि मग, स्वतःशीच बोलल्यासारखं, "बिचारी दोन वर्षं 'भात वाढू का' विचारत असेल."

मला हसू येत होतं आणि हसवत नव्हतं.

नंतर मास्तर आठ-दहा दिवस दिसले नाहीत. माझं काम मात्र सुरळीत चाललं. बंद हेडफोनची एक गंमत मला उशिरा कळली. त्यात स्वतःचा आवाजही ऐकू येत नाही. टाइप करताना मी वाक्य पुटपुटते, ती माझी जुनी सवय. एकदा मान वर केली तर समोरची मुलगी टक लावून माझ्याकडे पाहत होती. हेडफोन काढला. ती म्हणाली, "आंटी, आपने अभी ज़ोर से बोला, 'शौचास जाताना घाई करू नये'." तेव्हापासून मी काम करताना तोंडात लवंग धरते. लवंग असली की ओठ मिटलेले राहतात.

मास्तर परत आले ते डाव्या कानात यंत्र घालून. कातडीच्या रंगाचं, छोटंसं. कुणाला दिसू नये म्हणून त्यांनी केस जरा पुढे आणले होते, त्यामुळे ते आल्याबरोबर सगळ्यांना दिसलं. ते माझ्या समोर बसले, पेपर उघडला, गालाला तळवा टेकवला आणि वाचायला लागले. मी हेडफोन चढवले. दहावं व्याख्यान होतं, आम्लपित्त. इतकी शांत दुपार मला कित्येक दिवसांत मिळाली नव्हती.

अर्ध्या तासानं खांद्यावर हात पडला. ग्रंथपाल ताई. मी हेडफोन काढला, आणि कानात एक सुई घुसली. कुईईई. बारीक, सरळ, न थांबणारी. वाचनकक्षातले बहुतेक लोक उभे होते. एक आजोबा पाण्याच्या कूलरला कान लावून होते. पंखे बंद केलेले. एक मुलगा खिडकीतून खालच्या गाडीचा हॉर्न अडकलाय का ते बघत होता. "आंटी, आपका लैपटॉप है," एक मुलगी ठामपणे म्हणाली. मी लॅपटॉप बंद केला. कुईईई.

मास्तर शांतपणे अग्रलेख वाचत होते.

गडबड पाहून त्यांनी गालावरचा हात काढला आणि मान वर केली. "काय झालं?" आवाज बंद. सगळ्यांनी एकमेकांकडे पाहिलं. "काही नाही, मास्तर," ताई म्हणाल्या. मास्तरांनी पुन्हा तळवा टेकवला. कुईईई.

आता सगळ्यांना कळलं, आणि सांगायला कुणी पुढे होईना. ज्या माणसानं आयुष्यभर दुसऱ्यांच्या आवाजातल्या चुका काढल्या, त्याला हे तोंडावर कोण सांगणार? ताईंनी माझ्याकडे पाहिलं. सगळ्यांनीच पाहिलं. मग मी वहीचा कागद फाडला आणि लिहिलं: 'मास्तर, हात टेकला की आपल्या यंत्रातून शीट्टी वाजते. ती तीन खुर्च्यांच्या बऱ्याच पलीकडे जाते.' कागद त्यांच्यापुढे सरकवला.

त्यांनी तो दोनदा वाचला. कान लाल झाले, दोन्ही. खिशातून लाल पेन्सिल काढली. आता हे राजीनामाच लिहितात की काय, असं मला वाटलं. त्यांनी माझ्या 'शीट्टी'तला 'शी' खोडून 'शि' केला, खाली सही ठोकली आणि चिठ्ठी परत माझ्याकडे सरकवली. मग यंत्र काढून चष्म्याच्या डबीत ठेवलं. आधी ते हसले, मग टेबलाची ती बाजू, मग आमची. ताई तोंडावर बोट ठेवून सगळ्यांना गप्प करत होत्या आणि स्वतःच गदगदत होत्या.

यंत्र नीट बसलं नव्हतं, एवढंच; आणि इतका बारीक सूर वयामुळे त्यांच्या उजव्या कानालाही लागत नव्हता. कानाचं नवं माप घेऊन ते दुरुस्त झालं. त्यानंतर मास्तर आले ते वैतागूनच. "इथं एवढा गोंगाट असतो?" त्यांनी मला विचारलं. पेपरचं पान उलटलं की त्यांना पत्रा फाडल्यासारखं वाटे. कुणीतरी शेंगदाणे खातंय, कुणाच्या चपलेला आवाज आहे, भिंतीवरचं घड्याळ फार जोरात चालतं. दोन दिवस त्यांनी सगळ्यांच्या तक्रारी केल्या. तिसऱ्या दिवसापासून वर येताना ते यंत्र डबीत ठेवू लागले, आणि खाली चहाला उतरताना घालू लागले.

त्यांची सूनही मला भेटली. एकदा पाऊस लागला तेव्हा ती त्यांची छत्री घेऊन वाचनालयाच्या दारात आली. मला काहीतरी म्हणाली. मी म्हटलं, "काय?" ती पुन्हा म्हणाली. माझे कान ठणठणीत आहेत, तरी तिसऱ्यांदा विचारल्यावर कळलं की ती सासरे वर आहेत का असं विचारतेय. फार गोड मुलगी, पण खरोखरच तोंडातल्या तोंडात बोलते. हे मी मास्तरांना सांगितलेलं नाही.

वरच्या फ्लॅटची फरशी बसून किती तरी दिवस झाले. आता घरात शांतता आहे, पण मी वाचनालयातच जाते. मे महिन्यात बंद हेडफोनच्या आत कान उकडून निघतात; बटाटे तरी बरे. म्हणून नवऱ्याच्या जुन्या मलमलच्या कुर्त्याची गोल टोपडी शिवून मी त्या गाद्यांना घातली आहेत, आणि धुताना बदलायला आणखी दोन जोड ठेवलेत. परीक्षेवाल्या एका मुलीनं ती पाहिली आणि तिच्या हेडफोनचं माप देऊन गेली. मग आणखी दोघी आल्या. सध्या माझ्याकडे सहा टोपड्यांची ऑर्डर आहे, आणि टाइप करायला शिवणकामावरची एक व्याख्यानमाला.